हातमागाची निर्दोष सुटका

इंदूताई परात्यांची आणि माझी ओळख माझ्या शर्टामुळे झाली. निवृत्तीनंतर आम्ही मनीषनगरात नव्यानं राहायला आलो होतो. मी भाजीची पिशवी घेऊन घराकडे निघालो होतो, तेवढ्यात एका फॉल-पिकोच्या दुकानातून चाळिशी उलटलेल्या, उंच, सडपातळ बाई तरातरा बाहेर आल्या. त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, कापड उलटून पाहिलं आणि आनंदानं ओरडल्या, "सापडलं!"

भर रस्त्यात परक्या बाईनं बाही धरण्याचा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता. मी दचकून विचारलं, "काय सापडलं?"

"हा उभा धागा पाहा ना जी. खालपासून वरपर्यंत कच्चा हाय. दोन धुण्यांत इथूनच फाटते का नाई, पाहा. कुठून घेतला?"

शर्ट दोन नव्हे, तीन धुण्यांनंतर फाटला. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेला माणूस मी; दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय मला अन्न पचत नाही. मुद्दाम दुकानात जाऊन म्हणालो, "अंदाज चुकला तुमचा. तीन धुणी टिकला." त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या घरी हलक्या हातानं धुतात. ताईले सांगा, हात चांगला हाय." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'सर' आणि त्या माझ्यासाठी इंदूताई.

कापड उलटं करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. लग्नाला गेल्या तर आशीर्वाद देतादेता नवरीच्या शालूचा पदर उलटून बघायच्या. बँकेत रांगेत उभ्या असल्या तर पुढच्या बाईच्या ओढणीचं टोक यांच्या बोटांत. एकदा आमच्या शेजारी सत्यनारायणाला आल्या आणि चौरंगावरचं वस्त्र उलटून बघितलं, तेव्हा गुरुजींचा मंत्र अडखळला. "सुलट्या बाजूनं सगळेच चांगले दिसतात, सर," त्या म्हणायच्या. दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "अंदाजपंचे मले जमत नाई." आणि चूक हाती लागली की ते "सापडलं!" समोरच्या मेडिकलपर्यंत ऐकू जायचं. चूक सापडल्याचा एवढा आनंद मी परीक्षकांतही पाहिला नाही, आणि परीक्षक मी भरपूर पाहिले आहेत.

त्या एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. का, ते त्यांनी एका दुपारी आमच्या हिच्या साडीला फॉल लावता लावता सांगितलं. सुईत दोरा ओवत, अगदी साध्या आवाजात.

घराणं उमरेडच्या विणकरांचं. घरात जमिनीत खड्डे खणून बसवलेले चार हातमाग होते. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा, पायांनी खालच्या पट्ट्या दाबायचा आणि हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. या घरात काही पिढ्या एक विचित्र गोष्ट घडत आली होती. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास कुणा ना कुणाचे पाय आपोआप हलायला लागायचे. बसल्या जागी पावलं खालीवर, मग हातांना झटके, मग मान वळायची. पुढे बोलणं जड व्हायचं, घास घशात अडकायचा, शांत माणूस तिरसट व्हायचा, आणि पंधराएक वर्षांत सगळं संपायचं. पाय हुबेहूब मागावर बसल्यासारखे चालायचे, म्हणून घरानं त्या दुखण्याला नाव ठेवलं होतं, 'माग चढणं'. आजोबांना माग चढला. मोठ्या काकांना चढला. तेव्हा इंदूताईंच्या वडिलांनी एका सकाळी चारही माग मोडले, खड्डे मुरूम टाकून बुजवले आणि घरादाराला शपथ घातली की या घरातलं कुणी पुन्हा मागावर बसणार नाही.

"अन् मी बसली," इंदूताई म्हणाल्या. "अकरा वर्षांची होती. शेजारच्या काकूच्या घरी चोरून जाऊन बसायची. वर्षभर बसली. करवतीच्या दातांसारखा करवती काठ काढता येत होता मले, सर! बाबाले कळलं तवा असा मारला, का बाप्पा रे बाप्पा. मारता मारता स्वतःच रडून राहिले होते. पुढं त्यांनाही चढला. लोक म्हणाले, वीस वर्षं बसले होते, चढनच. मग मी हिशोब केला. भावंडांत मागावर बसलेली मी एकटीच. म्हणजे आता पाळी माझी. दुसऱ्याच्या घरी जाऊन कशाले त्याच्या गळ्यात पडायचं? नाई केलं लगन."

आणि दोरा दातानं तोडून त्यांनी साडी घडी घातली. मी मान हलवत बसलो आणि घरी येऊन हिला म्हणालो, अडाणी समजुतीपायी एका बाईनं आयुष्य वाया घालवलं. एवढं शहाणपण पाजळून मी पेपर वाचायला घेतला. अनुवंश हा माझा हातखंडा विषय. वाटाण्याच्या शेंगा फळ्यावर काढून काढून माझी बोटं झिजलेली. पण आजोबा, काका, वडील ही नावं एका ओळीत ऐकूनही माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्यांचे थोरले भाऊ मनोहरराव सावनेरकडच्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून होते. अधूनमधून बहिणीकडे येत. मी त्यांना दोनदा पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्या हातातला चहा बशीत कमी आणि पायजम्यावर जास्त सांडला होता. दुसऱ्यांदा ते दुकानाची पायरी चढताना झोकांडी खाऊन माझ्याच अंगावर आले. भरदुपारी पिऊन आलेला माणूस, असं समजून मी नाक वर करून निघून गेलो. त्यांच्या ऑफिसनंही तेच समजून त्यांचं तोंड हुंगलं होतं आणि वर एक मेमो दिला होता.

त्यानंतर आठवड्याभरानं इंदूताई आमच्या घरी आल्या. आल्या म्हणजे थडकल्या. घंटा दाबून धरलेली, काखेत कागदाची मोठी गुंडाळी, केसांत दोऱ्याचे तुकडे, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"सर! दादा कधी मागावर बसलाच नाई!"

"बरं."

"बरं काय म्हणता जी? दादाचा जन्म झाला अन् दोन वर्षांत माग मोडले. मागाले त्याचा हात लागला नाई का पाय लागला नाई. अन् काल मले दिसलं, खुर्चीवर बसून त्याचे पाय चालून राहिले. बाबाचे चालायचे तसेच! मी बसली होती, मले काही नाई. तो बसला नाई, त्याले झालं. मग मागाचा काय संबंध, सांगा?"

मी चष्मा शोधू लागलो. त्यांना थांबायला वेळ नव्हता.

"आता ऐका. कापडात आडव्या धाग्याची चूक असली, तर ती एका जागी दिसते. त्या दिवशी विणणाऱ्याचं ध्यान नव्हतं, एवढंच. पण उभ्या धाग्यातली चूक सुरुवातीपासून येते अन् सगळ्या लांबीत येते. विणणारा बदला, घर बदला, ते येतच राहते. आमच्या घरातलं हे उभ्या धाग्यातलं हाय, सर! आम्ही उगाच विणणाऱ्याले बोल लावून राहिलो होतो!"

त्यांनी गुंडाळी जमिनीवर पसरली. काठाची नक्षी उतरवायला वापरतात तो चौकटींचा कागद, चार-पाच जोडून चिकटवलेला. एका माणसाला एक चौकोन. वरच्या ओळीत पणजोबा-पणजी, खाली त्यांची मुलं, खाली त्यांची. ज्यांना माग चढला, त्यांचे चौकोन लाल पेन्सिलीनं भरलेले.

तीस वर्षं मी हाच वंशवृक्ष दर डिसेंबरात फळ्यावर काढला होता, परीक्षेत गुणांसाठी विचारला होता, आणि तो खऱ्या माणसांचा बनलेला असतो हे मी विसरून गेलो होतो. लाल चौकोन एकही पिढी चुकवत नव्हते. ज्याचा चौकोन कोरा, त्याच्याखाली सगळं कोरं. ज्याचा लाल, त्याच्या मुलांत काही लाल, काही कोरे.

"ही कोण?" मी एका लाल चौकोनावर बोट ठेवलं. "बाई दिसते. बायका कुठे मागावर बसायच्या?"

"भागीरथी आत्या!" इंदूताईंनी टाळी वाजवली. मी नेमका तोच प्रश्न विचारावा म्हणून त्या टपून बसल्या होत्या. "तिच्या अंगात देवी येते म्हणून सांगत होते. सासरचे लोक नारळ ठेवायचे, ओटी भरायचे. मी काल तिच्या सुनेले फोन लावला. म्हटलं, देवी कवा यायची? तर म्हणे, जेवताना, धुणं धुताना, सारखीच. मी म्हटलं, अन् झोपेत? तर म्हणे, झोपली का एकदम शांत. बाबाचंही तसंच होतं, सर! झोपले का पाय थांबायचे. देवी काय झोपेचं पाहून येते का? सापडलं!"

दुसऱ्याच दिवशी मी चौकशी करून सदरमधल्या एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. मनोहरराव, त्यांची बायको, इंदूताई, गुंडाळी आणि मी, अशी वरात निघाली. डॉक्टरबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मनोहररावांना जीभ बाहेर काढून तशीच धरून ठेवायला सांगितली. जीभ राहीना, दर दोन क्षणांनी आत पळायची. बोटांची टिचकी एका लयीत वाजवायला सांगितली, एका रेषेवरून चालायला सांगितलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. मनोहरराव शरमून हसत होते. मग इंदूताईंनी परवानगी न विचारता कागद टेबलावर पसरला, आणि डॉक्टरबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"तुम्ही काय शिकलात?"

"सातवी. पण काठ काढता येते मले."

रक्त तपासणीला गेलं. काही आठवड्यांनी निदान नक्की झालं, हंटिंग्टनचा आजार. डॉक्टरबाईंनी अर्धा तास समजावलं. प्रत्येक माणसाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. या एका जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. सगळ्यांच्यातच असतो. तो वीस-पंचवीस वेळा असला तर काही बिघडत नाही. चाळीसच्या वर गेला, की मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरायला लागतात.

"म्हणजे काठाची एकच बुट्टी गरजेपेक्षा जास्त वेळा घेतली," इंदूताई खुर्चीच्या टोकावर येऊन म्हणाल्या, "अन् मग सगळा काठच ताणून राहिला!"

"साधारण तसंच," डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या.

"अन् मागामुळे?"

"हातमागाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही."

इंदूताईंनी अशी टाळी वाजवली की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "माग निर्दोष सुटला, सर! चाळीस वर्षांनी सुटला!"

त्या आरडाओरड्यात मनोहरराव काहीतरी पुटपुटले. सगळे गप्प झाल्यावर त्यांनी पुन्हा म्हटलं, शब्द जुळवत जुळवत, "मी पेलो नव्हतो, इंदे."

"माहीत हाय मले, दादा."

"कागद... त्या साहेबाले दाखव."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नाक वर करून निघून जाणारा एक साहेब त्याच खोलीत बसला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. उतरताना जिन्यात मी त्यांचा हात धरला, तेच मला आधार देताहेत असं त्यांना वाटू दिलं, आणि मनातल्या मनात माफी मागितली.

हा आजार बरा करणारं औषध नाही, हेही डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. झटके कमी करायला गोळ्या आहेत, चिडचिड कमी करायला आहेत, गिळण्याचे आणि चालण्याचे व्यायाम आहेत. इंदूताईंनी त्या दिवसापासून दादाचा ताबा घेतला. मेमो रद्द करून आणला. दादाचा चहा निम्म्या भरलेल्या जड पेल्यात द्यायचा, घास मऊ आणि लहान करायचा, गडबड करायची नाही, असे नियम दादाच्या घरी कोळशानं भिंतीवर लिहिले. वहिनी मात्र एका गोष्टीनं खचल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की प्रत्येक मुलाला हे मिळण्याची शक्यता निम्मी असते. वहिनींना मुलं दोन, श्वेता आणि तिचा धाकटा भाऊ. "म्हणजे दोघांतल्या एकाले नक्कीच," असं म्हणून त्या रडत बसायच्या.

इंदूताईंनी दुकानात बटणं ठेवायच्या जुन्या शेवेच्या डब्यातून एक बटण काढलं, एका बाजूनं पांढरं, एका बाजूनं काळं. "फेका, वहिनी." वहिनींनी फेकलं. काळं. "पुन्हा." काळं. "पुन्हा." पांढरं. मग पांढरं, पांढरं, पांढरं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनीही फेकून पाहिलं. "पाहिलं? बटणाले मागचं आठवत नाई, वहिनी. दर वेळी नव्यानं पडते. दोघंही पांढरे पडतील, दोघंही काळे पडतील, कोणी सांगावं? पण एकाले झालं म्हणून दुसरा सुटला, असं नाई. अन् एक सुटला म्हणून दुसरा अडकला, असंही नाई." तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना मला हे पटवता आलं नव्हतं. मी ते बटण मागून घेतलं. अजून माझ्या टेबलावर आहे.

पण याच उत्साहात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. कागद रोज वाढत होता. कुणाला फोन, कुणाचा जुना फोटो, कुणाच्या हाताच्या सवयी. आणि एक दिवस मी पाहिलं, तर सगळ्यांत खालच्या ओळीत, जिथे पोरं होती, तिथे काही चौकोनांत हलकी पेन्सिल फिरवलेली. श्वेताच्याही.

"हे काय?"

"ते? ती लवकर चिडते, अन् मागच्या महिन्यात तिच्या हातून दोन कप पडले. मी आपलं बारीक—"

"इंदूताई, तुम्हाला अंदाजपंचे जमत नाही ना?"

मी हे जरा जोरातच बोललो. आमचं भांडण झालं. "तुम्ही पुस्तकं वाचली, मी माणसं पाहिली," असं त्या मला म्हणाल्या, आणि मीही काही कमी बोललो नाही. आणि त्याच वेळी श्वेता दारात उभी होती. चोवीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली पोरगी. तिनं आपला चौकोन पाहिला. ती रडली नाही. म्हणाली, "आत्या, तुले लहानपणापासून वाटायचं का तुले माग चढणार. तुले कसं वाटायचं?"

इंदूताईंनी खोडरबर घेतलं आणि त्या श्वेताचा चौकोन खोडायला लागल्या. इतका जोर लावून खोडला की कागद फाटला. मग त्यांनी मागून नवा तुकडा चिकटवला, पातळ पोळीसारखा सांभाळून दाबला, आणि पोरांची सगळी ओळ कोरी केली. "ज्याचा चौकोन त्यानं भरावा," त्या श्वेताला म्हणाल्या. "वाटलं तर भर, नाई तर कोराच राहू दे. तुझा हाय तो. माझं चुकलं, बाई." श्वेतानं अजून तपासणी केलेली नाही. कधी करणार, असं तिला कुणी विचारतही नाही, आणि हा नियम इंदूताईंचाच आहे.

मग त्यांनी स्वतःच्या चौकोनाकडे पाहिलं.

"मले पाहिजे," त्या म्हणाल्या. "आख्खं आयुष्य मी अंदाजावर काढलं, सर. तोही चुकीचा अंदाज. आता मले नक्की पाहिजे."

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. आधी बोलणं, मग काही दिवस विचार, मग पुन्हा बोलणं. कळल्यावर काय कराल? कुणाला सांगाल? सोबत कोण येईल? अहवाल तयार झाल्यावरही तो ऐकायला नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मेट्रोतून परत येताना मी विचारलं, "नाही निघालं तर?"

"मग मले लय हसू येईन," त्या म्हणाल्या. पुढचं स्टेशन गेल्यावर म्हणाल्या, "अन् मग लय रडू येईन. एक चांगला पोरगा पाहायले आला होता, सर. विणकराचाच. मी आतूनच नाई म्हणून निरोप पाठवला."

म्हणजे दोन्हीकडून मारच होता. आजार नाही निघाला, तर सगळं आयुष्य एका चुकीच्या समजुतीला दिलं असं होणार. निघाला, तर वडिलांचे आणि दादाचे पाय समोर दिसत होते. माझी झोप उडाली होती. त्यांची मात्र नाही. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, दुकानात साड्यांचा ढीग पडला होता, आणि त्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होत्या, "बुधवारी दुकान बंद राहीन! माझा निकाल हाय!"

बुधवारी त्या नवी साडी नेसून आल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ऐकायचंय ना?" इंदूताई म्हणाल्या, "हाव जी." डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं की जनुक वाढलेलं आहे. बेचाळीस.

मला वाटलं होतं त्या ओरडतील, तो त्यांचा शब्द. त्यांनी अहवालाचा कागद हातात घेतला आणि सवयीनं उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मला रडू आवरेना, आणि डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याऐवजी मला दिला.

"सर," त्या शेवटी म्हणाल्या, "लगन नाई केलं, ते बरोबरच होतं म्हणायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "तसं नसतं, इंदूताई. ज्यांना हे असतं तेही लग्न करतात, जगतात."

"हाव. तसंच वाटलं मले." त्यांनी डोळे पुसले. "चला, तर्री पोहे खाऊ. आज मले तिखट पाहिजे."

सदरमधल्या एका गाड्यावर त्यांनी दोनदा तर्री वाढून घेतली. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, कशानं ते विचारायची सोय नव्हती. आणि दुसऱ्या प्लेटच्या मध्येच त्या एकदम ताठ झाल्या. माझी बाही धरली. डोळे असे चमकले की मी घाबरलो.

"सर, माग तर निर्दोष हाय ना?"

"हो."

"मग मी बसून काहून नाई राहिली? अकराव्या वर्षापासून मले दुसरं काहीच करायचं नव्हतं जी! फॉल लावून राहिली, पिको करून राहिली, दुसऱ्याचं कापड उलटून पाहून राहिली. अन् माझा माग तिकडे मुरमाखाली!"

गाडेवाल्यानं आम्हाला पोह्यांवर वरून शेव फुकट दिली. कसला तरी आनंद आहे एवढं त्याला कळलं असावं. महिन्याभरात त्यांनी दुकान दुसऱ्या बाईला चालवायला दिलं आणि दादा-वहिनींना घेऊन उमरेडच्या जुन्या घरी गेल्या. वडिलांनी बुजवलेला एक खड्डा पुन्हा खणला. गल्लीतली म्हातारी माणसं येऊन सांगून गेली, "नको वं पोरी, चढन." त्या प्रत्येकाला ओट्यावर बसवून चौकटींचा कागद दाखवायच्या आणि तसलंच दुसरं बटण फेकायला लावायच्या. फोनवर मला त्यांचा आवाज आणि मागे खटाखट ऐकू यायचं. "सर, बोटांना आठवते सगळं! माझ्याआधी बोटांना आठवते!"

गेल्या वर्षी आम्ही मुलीकडे नाशिकला राहायला जायचं ठरवलं. निघण्यापूर्वी मी एका सकाळी उमरेडला गेलो. मनोहरराव अंगणात उन्हात बसले होते, हातपाय चालूच होते, पण मला पाहून हसले. आत इंदूताई मागावर होत्या. टसरचं कापड, करवती काठ, लाल दातांची रांग काठानं पुढे सरकत होती. त्या बारीक झाल्या होत्या. धागा दोनदा तुटला, दोनदा जोडला. हात पूर्वीसारखा झरझर चालत नव्हता, पण तोंड चालत होतं. नवी बातमी, श्वेताचं लग्न ठरलं, मुलाला तिनं सगळं आधी सांगितलं, मुलगा स्वतः येऊन कागद बघून गेला.

मी ऐकत होतो, पण माझी नजर खड्ड्यात होती. पाय पट्ट्यांवर होते, उजवा, डावा, उजवा, डावा. मास्तराची वाईट खोड, बघू नये ते बघतो.

"काय पाहून राहिले, सर?"

"काही नाही."

"मास्तरांना खोटं बोलता येत नाई." त्यांनी धोटा बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले आणि माग थांबवला. उजवा पाय थांबला. डावा थांबला नाही. अंगठा वर जाऊन खाली येत होता, पुन्हा वर, पुन्हा खाली, पट्टी दाबायची नसताना.

इंदूताई खड्ड्यात वाकल्या. पदर उलटून बघायच्या तशाच, मान वाकडी करून, डोळे बारीक करून त्यांनी स्वतःचं पाऊल नीट पाहिलं. आणि वर बघून, अगदी पहिल्या दिवशीच्या आवाजात म्हणाल्या, "सापडलं!"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"डावा आता त्या दुखण्याचा हाय," त्या म्हणाल्या. "उजवा अजून माझा. हाताचं उद्या पाहू." आणि त्यांनी धोटा उचलून फेकला. "बसा ना जी, एवढा काठ होऊ द्या."